कुल्फीच्या साच्यातल्या पिना

खोटं वाटेल, पण मी नौपाड्यात फिटर होतो तेव्हाची गोष्ट. मशीन न्यायला शेट दारात, आणि दोन भाग पक्के धरणाऱ्या डॉवेल पिनाच बसेनात. बारीक पिना सैल, जाड शिरतच नव्हत्या.

आमच्या कारखान्यातले दामूमिस्त्री म्हणाले, “जाडच घ्या! थंड केल्या की आकसतात.”

त्यांनी दारातल्या कुल्फीवाल्याच्या रिकाम्या साच्यात पिना घातल्या, कणकेनं तोंड बंद केलं आणि साचा त्याच्याच बर्फाच्या मडक्यात ठेवला.

तेवढ्यात शेटना थोपवायला आमच्या साहेबांनी कुल्फी मागवली. कुल्फीवाल्यानं चुकून नेमका तोच साचा कणीक काढून दिला. शेटनी तो उपडा केला. खणकन दोन पिना बशीत!

“हे काय?” शेट कडाडले.

मिस्त्री धावले, “शेट, मागाहून ओरडा! आधी पिना द्या, गरम झाल्या तर मशीन आज मिळत नाही!”