खालच्या थरातले बाबा

अरे, बाबांच्या फिजिओचा घोळ तुम्हाला सांगितलाच नाही ना? पॅरालिसिसच्या झटक्यानंतर त्यांचा तोल जायचा, म्हणून कांदिवलीला बॅलन्सच्या क्लासला नेत होतो. तिथली डॉक्टर म्हणजे अगदी किडकिडीत पोरगी. म्हणाली, "काका, मी हलकेच ढकलणार. पडायचं नाही हं!"

आता आमचे बाबा पडले दहीहंडीतले जुने गोविंदा, कायम खालच्या थरातले. धक्का बसताच त्यांनी शेजारच्या दोन पेशंटांचे खांदे आवळले, मान खाली घातली आणि ओरडले, "घट्ट धरा रे!" बाकीचे म्हातारेही येऊन चिकटले. झाला ना गोल तयार!

डॉक्टर किंचाळली, "काका, सोडा! सगळे पडाल!"

मान खालीच ठेवून बाबा म्हणाले, "कोण पडतंय गं बाय? तू चढ बिनधास्त!"