तेरा पिशव्या बाकी

साहेब — मावशी, तिसऱ्यांदा सांगतो, काही फुटलं नाही, काही सांडलं नाही. वीस वस्तूंची ऑर्डर होती. मशीनने चौदा पिशव्या सांगितल्या. तुम्ही सगळं एकीत कोंबलंत. प्रश्न तेवढाच आहे.

मावशी — कोंबलं नाही, लावलं. कोंबायचं काम इथल्या बाकीच्या टेबलांवर चालतं. बटाटे, साखर, मीठ तळाला. तेलाची बाटली कडेला, उभी. साबण एका टोकाला, त्याच्यापासून लांब लिंबं, काकड्या, टोमॅटो. आणि सगळ्यांच्या डोक्यावर अंडी नि पाव. बावीस वर्षं वाण्याच्या दुकानात हेच केलं मी. गिऱ्हाईक तीन जिने चढून घरी जायचं, पण अंड्याला कधी चीर गेली नाही.

साहेब — ते दुकान होतं. हे पॅकिंग सेंटर आहे. इथे प्रोसेस असते. ओलं वेगळं, कोरडं वेगळं, थंड वेगळं, वासाचं वेगळं, नाजूक...

मावशी — नाजूक वेगळं. पाठ आहे मला, समोरच्याच भिंतीवर टांगलंय. पाव येतो तोच पिशवीतून. त्याला आपण पिशवी घालायची. मग ती पिशवी मोठ्या पिशवीत. थंडीतापाने फणफणलेल्या माणसासारखा तीन कपडे घालून निघतो बिचारा. दोन काकड्यांना एक पिशवी, एका लिंबाला एक. काकडीला लिंबाचा विटाळ होतो का साहेब? घरी गेल्यावर एकाच टोपलीत तर पडणार आहेत दोघं.

साहेब — नियम मी केलेले नाहीत.

मावशी — ते कळतं की. ज्याने केले त्याने जन्मात कधी बाजाराची पिशवी उचललेली नाही.

साहेब — हे बघा, टोमणे मारून शेरा टळत नाही. मला कारण लिहायचंय. मशीन चौदा सांगत असताना तुम्ही एक का वापरलीत?

मावशी — त्या बाईंनी सांगितलं म्हणून. तीन महिने झाले, दर ऑर्डरला लिहितायत. कृपया पिशव्या कमी वापरा. आधी साधं लिहायच्या, मग विनंती, मग जरा रागावून. परवा लिहिलं होतं, तुमच्याकडे हे कोणी वाचतं की नाही. मी म्हटलं, वाचते ना मी. आणि भरली एकीत.

साहेब — मावशी, कस्टमर लिहितात तो फीडबॅक असतो. फीडबॅक म्हणजे ऑर्डर नव्हे.

मावशी — म्हणजे वाचायचं, पण ऐकायचं नाही.

साहेब — तसंच धरा.

मावशी — छान आहे. आणि त्या बाईंचंही मला फार कौतुक आहे असं समजू नका. घराखाली उतरलं तर चार दुकानं असतील. कापडी पिशवी घेऊन जावं, दोन लिंबं घ्यावीत, चार शब्द बोलावेत. ते नाही. बसल्या जागी बोट दाबून लिंबू मागवायचं आणि वर जगाच्या काळजीने चिठ्ठी लिहायची. पण लिहिलं तरी. बाकीच्यांना तेवढीही लाज नाही.

साहेब — झालं बोलून? आता माझं ऐका. मशीन वस्तू मोजत नाही, पिशव्या मोजतं. प्रत्येक पिशवीला स्टिकर असतो, दारात तो स्कॅन करावा लागतो. तुमची एक स्कॅन झाली आणि मोबाइलवर आलं, तेरा पिशव्या बाकी. आपला सामान पोचवणारा दाढीवाला तिथे तिसऱ्या मजल्यावर वीस मिनिटं उभा. ऑर्डर पूर्ण होईना. पुढच्या सहा घरांना उशीर. आणि शेवटी कस्टमरची तक्रार काय, तर म्हणे रिकाम्या पिशव्या पाठवून माझी थट्टा केली.

मावशी — त्या रिकाम्या पिशव्या मी पाठवल्या?

साहेब — तुम्ही चौदा भरल्या असत्या, तर ती वेळच आली नसती.

मावशी — मी विचारलं ते वेगळं. पाठवल्या कोणी?

साहेब — तो मुद्दा नाही.

मावशी — दाढीवाल्याने सगळं सांगितलंय मला, पाण्याच्या नळापाशी. त्याने दारातून तुम्हाला फोन केला. म्हणाला, सामान सगळं पोचलंय, बाई खूश आहेत, पण हे यंत्र मला सोडत नाही. तुम्ही म्हणालात, परत ये. आला. तुम्ही तेरा पिशव्या काढल्यात, तेरा स्टिकर छापलेत, स्वतःच्या हाताने चिकटवलेत. तो परत गेला आणि त्या बाईंच्या हातात एकेक रिकामी पिशवी देत सुटला. स्कॅन करायची, द्यायची. स्कॅन करायची, द्यायची. म्हणाला, मावशी, एवढं हसू आणि एवढी लाज एकदम कधी वाटली नव्हती.

साहेब — मी त्याला स्कॅनिंग पूर्ण कर म्हटलं. रिकाम्या दे असं म्हटलं नाही.

मावशी — मग त्यांत काय भरून द्यायचं होतं? वारा?

साहेब — ऑर्डर अपूर्ण राहिली की माझ्या सेंटरचा नंबर घसरतो, मावशी. वरून फोन येतात. तुम्हाला ते दिसत नाही.

मावशी — दिसतं. तुम्हाला वरून फोन येतो, मग तुमची अक्कल खाली जाते. एवढे शिकलात, गळ्यात पट्टा घालून फिरता, आणि एका बाईच्या दारात हवा पोचवलीत. ती पोचल्यावर यंत्र म्हणालं शाबास.

साहेब — आवाज खाली. बाहेर ऐकू जातं.

मावशी — जाऊ दे की.

साहेब — बरं. सरळ बोलतो. तुमच्यावर दोन लाल शेरे आधीचे आहेत.

मावशी — एक दुधाच्या दोन पिशव्या एका पिशवीत ठेवल्या म्हणून. दूध आधीच पिशवीत होतं, तरी. आणि दुसरा, का ठेवल्या असं विचारल्यावर मी हसले म्हणून.

साहेब — तिसरा लागला तर कायम करायच्या यादीतून नाव जातं. यादी आज पाच वाजता वर पाठवायची आहे. तुमचं नाव तीत आहे. मी घातलंय, हे विसरू नका.

मावशी — विसरत नाही.

साहेब — तक्रारीखाली कोणाचं तरी नाव लिहावं लागणार. मी आत्ता कस्टमरला फोन लावतो. तुम्ही सांगा, रिकाम्या पिशव्या माझ्याकडून चुकून गेल्या, माफ करा. त्यांनी तक्रार मागे घेतली की तिसरा शेरा लागत नाही, यादी जशीच्या तशी जाते. आणि यापुढे मशीन सांगेल तेवढ्या पिशव्या. बस्स.

मावशी — म्हणजे उद्योग तुमचा आणि नाक माझं घासायचं.

साहेब — तुमच्यावर जबरदस्ती नाही.

मावशी — नाही कशी. साहेब, तुम्ही सकाळी आठला येता. आम्ही सहापासून फाटकाशी असतो. चाळीस बायका. कोणीतरी कागद घेऊन येतो, पंचवीस नावं वाचतो. पंचवीस आत, पंधरा आल्या पावली घरी. अडीच वर्षं मी स्वतःचं नाव ऐकायला कान टवकारून उभी राहते. बावन्न वय आहे माझं. विसाव्या नावानंतर उरलेली पाच बोटांवर मोजते. कायम झाले तर नुसतं आत यायचं. कोणी पुकारायचं नाही, कोणी गाळायचं नाही. एवढंच हवंय मला. आणि ते तुमच्यासारख्या माणसाच्या हातात आहे, ह्याचीच किळस येते.

साहेब — लावू का फोन?

मावशी — लावा.

(फोन टेबलावर, स्पीकर सुरू.)

बाई — हे बघा, मी उगाच तक्रार करणारी बाई नाही. पण तुमचा माणूस माझ्या दारात उभा राहून एकेक रिकामी पिशवी हातात ठेवत होता. तेरा. समोरचे लोक दार उघडून बघत होते. मी पिशव्यांबद्दल लिहिते म्हणून हा माझ्यावर उगवलेला सूड आहे का?

साहेब — अजिबात नाही मॅडम. आपण आमच्या अत्यंत मोलाच्या ग्राहक आहात. पॅकिंगकडून गफलत झाली. संबंधित कर्मचारी इथेच आहेत, त्या स्वतः बोलतील.

मावशी — नमस्कार बाई. चूक माझी. रिकाम्या पिशव्या माझ्याकडून गेल्या. माफ करा.

बाई — पण जातात कशा? तेरा रिकाम्या पिशव्या कोणी चुकून पाठवतं?

मावशी — पाठवतं. इथे पिशव्याच इतक्या असतात की हाताला दुसरं काही लागतच नाही. तुमची थट्टा नव्हती. तेवढं मनातून काढून टाका.

बाई — बरं. तुम्ही एवढं सरळ कबूल करताय, तर मी तक्रार मागे घेते.

साहेब — थँक यू मॅडम, आपला अमूल्य वेळ...

बाई — थांबा, ठेवू नका. त्याच ऑर्डरमध्ये एक भरलेली पिशवीही होती. सगळं सामान एकीत. उघडून मी बघतच राहिले. एक टोमॅटो दबला नव्हता. इतक्या वर्षांत कोणी असं सामान लावून दिलेलं आठवत नाही. ती कोणी भरली?

साहेब — आमच्या टीमने, मॅडम. आमची टीम नेहमीच...

मावशी — मी.

बाई — तुम्ही? मग त्या रिकाम्या?

मावशी — त्याही मीच.

बाई — अहो, मग दर वेळी तशीच भरा ना. मी तुमच्या कंपनीला पत्र लिहिते, तुमचं नाव घालून.

मावशी — नाव नका घालू.

साहेब — मॅडमची सूचना आम्ही नोंदवून घेतो.

बाई — तुम्ही तीन महिने नोंदवूनच घेताय. मी त्यांना विचारतेय. पुढच्या वेळी एकाच पिशवीत द्याल ना?

मावशी — नाही बाई.

बाई — नाही?

मावशी — चौदा येतील. भरणारी मीच असेन, पण चौदाच येतील. आधी यंत्राला लागायच्या, आता मलाही लागतात. सांगायला लाज वाटते, पण उगाच वाट बघायला लावत नाही तुम्हाला.

साहेब — मावशी, पुरे.

बाई — बोलू द्या त्यांना. ठीक आहे, तुमचीही काही अडचण असेल. पण मी लिहिणं सोडणार नाही. प्रत्येक ऑर्डरला लिहीन. कधीतरी कोणीतरी वाचेलच.

मावशी — मी वाचत होते, बाई. प्रत्येक वेळी. आता मीच सांगते, लिहू नका.

बाई — का?

मावशी — तुम्ही लिहिलंत की ते इथे कागदावर छापून येतं, सामानाबरोबर पाठवायला. कागद भिजू नये म्हणून त्याला वेगळी पिशवी असते. तुम्ही लिहिलं नाहीत, तर तेवढी एक कमी लागेल.