माणिकप्पा मास्तरांचा चौतीस

…नाही, पण तुम्हीच सांगा, टेप कधी खोटं बोलतो का? पट्टी ती, तिला काय कळतंय समोर साहेब उभा आहे की सालगडी? चौतीस म्हणजे चौतीस, देवणीत चौतीस, लातुरात चौतीस… असं मी त्रेचाळीस वर्षं समजत होतो, आणि तुम्हाला सांगतो, शिलाई शिकायला गेलो नि तेवढंही समजेनासं झालं.

आता ह्या वयात कोण शिलाई शिकायला जातं म्हणाल, तर पाऊस नव्हता हो. मला लिहायची सवय. शाळा चौथीपर्यंतच, पण गावात पाऊस किती पडला ते मी रोज वहीत टिपतो, कुणी सांगितलेलं नाही, आपली हौस. त्या साली जून : नाही. जुलै : नाही. ऑगस्ट : ढग आले, गेले. पाऊस आला नाही पण लातूर जिल्हा झाला! नवी कचेरी, नवे साहेब, आणि साहेब म्हटलं की सफारी… म्हणजे आमच्या मुलखात त्या साली पीक आलं ते सफारीचं. आमची चांगुणा म्हणाली, दिवाळीपर्यंत कात्री हातात आली तर ठीक, नाहीतर रोजगार हमीच्या खडीवर माझ्याशेजारी येऊन बसा. वही अर्धी कोरीच होती, ती घेतली आणि लातूरला गंजगोलाईच्या बाजारामागं माणिकप्पा मास्तरांच्या दुकानात जाऊन उभा राहिलो.

मास्तर माणूस देव, पण शिकवत नाहीत हो! बघा म्हणतात. काय बघू? तर बघा. दोन महिने मी बघतोय. मास्तर टेप लावणार, आकडा पुकारणार, मी लिहिणार. काज-बटण करणारी सरजाबाई मला तलाठी म्हणायला लागली. "तलाठी, माझी सुई हरवली, तेची बी नोंद घ्या." मी आपलं वहीत लिहिलं.

एक दिवस नव्या कचेरीतले वसंतराव साहेब आले. तुम्हाला सांगतो, त्यांच्या कमरेला वळसा घालताना मास्तरांचे दोन हात पाठीमागं एकमेकांना भेटेनात, तेव्हा टेपचं टोक पलीकडून आणून द्यायला मला उठावं लागलं. मास्तरांनी आकड्यावर अंगठा ठेवला आणि पुकारलं, "चौतीस." साहेबांनाच पटेना. "चौतीसच?" "चौतिसाला जरा कमीच, साहेब." आता मला डोळे आहेत, पण मास्तर तीस वर्षं टेप लावून राहिले, मी कोण? मी आपलं वहीत लिहिलं.

तिसऱ्या दिवशी मास्तर बहिणीकडं उदगीरला निघाले आणि जाता जाता म्हणाले, साहेबांची पँट तुम्हीच कापा. पहिली कात्री! सरजाबाई टँकरच्या रांगेला गेलेली, विचारायला कुणी नव्हतं, आणि विचारायचं तरी काय, वहीत लिहिलेलं होतं. तीनदा मोजलं. चौतीस कापलं. एक सूत इकडं नाही, एक सूत तिकडं नाही.

मास्तर उदगीरहून परतले, साहेब ट्रायलला आले, पडद्यामागं गेले. पडदा एकदा इकडून, एकदा तिकडून हलला… मग आवाज आला, "मास्तर, ही मांडीवरच थांबली."

माझ्या डोळ्यांपुढं खडीचा ढीग उभा राहिला. मास्तर शांतपणे पडद्यात डोकावले. "टँकरचं पाणी, साहेब. खारं हाय. भिजवलं की कापड आकसतंय. औंदा समद्यांचीच कापडं आकसून राहिलीत." साहेबांनी मान डोलावली आणि म्हणाले, टंचाईच्या बैठकीत हा मुद्दा घेतो. घेतलाही असेल, काय सांगावं!

साहेब गेल्यावर मास्तरांनी एवढंच विचारलं, "चौतीस कापली?"

"तुम्हीच सांगितलं."

"ते साहेबाला सांगितलं. तुम्हाला कुठं?"

आता ह्याला काय म्हणावं? शेवटी सरजाबाईला दया आली. "अवो तलाठी, मास्तर आकडा पुकारतेत माणसाच्या तोंडाकडं बघून, आन् कात्री चालवतेत अंगाकडं बघून." म्हणजे माझी अकरा पानं…? म्हणाली, असू द्या, गिऱ्हाइकाला वाचून दाखवायला बरी हाईत.

मग मी शहाणा झालो. आमच्याकडचाच रामकिशन आला, लेकीच्या लग्नासाठी सदरा शिवायला. पोर उजवायची म्हणून आलेला, पण वाळून असा झालेला की अंगातला सदरा खुंटीला टांगल्यासारखा. ह्या वेळी मी वाकून मास्तरांच्या अंगठ्याखाली बघितलं. बत्तीस. मास्तरांनी पुकारलं, "छाती छत्तीस. पैलवान हाय की बुवा." तुम्हाला सांगतो, तो माणूस उभ्या उभ्या दोन इंच फुगला, माझ्या डोळ्यांदेखत! मी आपलं वहीत लिहिलं छत्तीस, शेजारी बारीक अक्षरात बत्तीस. झालं? नाही झालं. मास्तरांनी कापला चौतीस! म्हटलं, मास्तर, हा आता कुठला? तर म्हणाले, "पाऊस पडल्यावर भरंल की तो."

म्हणजे एका छातीचे तीन आकडे. तोंडाचा एक, टेपचा एक, आणि अजून न पडलेल्या पावसाचा एक. मी काय लिहायचं? पुढचं पान कोरं सोडलं. जन्मात पहिल्यांदा.

दिवाळीच्या आदल्या दिवशी मी एक शर्ट कापून शिवला. वहीत न बघता. मास्तरांनी तो उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला आणि कात्री माझ्या हातात ठेवली. "नरसिंगराव, हात बसला तुमचा. कारागीर झालात."

मी कात्री कपाळाला लावली हो. आणि तेवढ्यात लक्षात आलं, हे बोलताना मास्तर शर्टाकडं बघतच नव्हते. माझ्या तोंडाकडं बघत होते.

सरजाबाईला विचारलं, खरं का गं? तिनं सुईत दोरा ओवला आणि पुढचं काज धरलं.

मग घरी कार्ड टाकलं. चांगुणा, कात्री मिळाली. मास्तर म्हणाले, मी कारागीर झालो… तू चार इंच कमी धरून वाच.