बंद ठेवलेली कड

नाही मावशी, फोटो नाहीये हा – कॉम्प्युटरने काढलेला समुद्र आहे, तुमचा मुलगा होडी घेऊन गेला आणि परत आला नाही, त्या सकाळचा. बसा ना. ती नको, ती डुगडुगते, ही घ्या. बाहेरच्या कुणाला या खोलीत आणायचं नसतं खरं तर, पण तुम्ही पुन्हा जिन्यात उभ्या दिसलात – साहेबांनी सांगितलंय ना तुम्हाला, लाट अचानक आली, कुणालाही कळलं नसतं म्हणून? मग तेच ऐकायला परत परत का येता? शिपाई म्हणतो, म्हातारी ऐकते, मान डोलावते आणि जाते. मला नाही बघवलं ते.

हे बघा, आम्ही समुद्राच्या चौकटी पाडतो, शाळेतल्या आलेखाच्या कागदासारख्या. प्रत्येक चौकटीला वारा सांगायचा – किती, कुठून – मग कॉम्प्युटर हिशेब करतो, इथे लाट किती वाढेल, पुढे कुठे जाईल, उथळ पाण्यात कुठे फुटेल. पण कागद कुठेतरी संपतोच ना? ही बघा, ही कड. पलीकडेही समुद्र आहे, पण ते या कॉम्प्युटरच्या गावी नाही. आता तिकडे खूप लांब वादळ झालं, तर तिथल्या लाटा दिवसचे दिवस चालत इथे येतात – इथे वाऱ्याची झुळूक नाही, पाणी तेलासारखं, आणि या खालून येतायत. खोल पाण्यात होडीतल्या माणसाला कळतसुद्धा नाहीत. खाडीच्या तोंडाशी वाळूचा उंचवटा आहे ना, तिथे आल्या की मग एकदम उभ्या राहतात.

म्हणून कडेला सांगावं लागतं, बाहेरून काय येतंय ते. आमची कड बंद होती. का? उघडली की हिशेबाला वेळ लागतो, रेडिओवरचं सकाळचं समुद्राच्या अंदाजाचं बुलेटिन लांबतं – बस, एवढंच. मी भर बैठकीत म्हणत होते, साहेब, कड उघडू या. तर म्हणाले, या मोसमात बाहेरून काही येत नसतं, तुम्हा नव्या पोरींना सगळंच उघडायचं असतं. सगळे हसले. आम्ही त्यांना गतिरोधक म्हणतो ते उगाच नाही.

आता बघा – मी कड उघडून तोच दिवस परत चालवला. निळं म्हणजे शांत. कडेकडून पिवळं सरकतंय, दिसलं? सरकतंय, सरकतंय – आणि हे लाल. खाडीचं तोंड. म्हणजे कळलं असतं, मावशी. आदल्या संध्याकाळीच कळलं असतं. कुणालाही कळलं नसतं, हे साफ खोटं आहे, आणि मी ते सगळ्यांसमोर मांडणार आहे. तुम्ही नुसत्या शेजारी उभ्या राहिलात ना, तर –

काय म्हणालात?

नाही, आलं ऐकू. अंग कसकसत होतं त्याचं. जायचं नव्हतं त्याला. आणि तुम्ही रेडिओवर आमचं बुलेटिन ऐकून – समुद्र शांत आहे म्हणतायत, ऊठ, लोळत पडू नकोस – तुम्हीच त्याला –

अहो, पण यात तुमचं काय – तुम्ही विश्वास ठेवलात, चूक आमची आहे – मावशी, इकडे बघा, स्क्रीनकडे नको. म्हणून येत होतात होय? कुणालाच कळलं नसतं, तर तुम्हाला तरी कुठून – हे ऐकायला? मला वाटलं, तुम्हाला खरं काय ते हवंय. मला वाटलं, सगळ्यांना तेच हवं असतं.

पाणी देऊ? थांबा, हे चित्र मागे नेते, सुरुवातीला. हे बघा, निळं. सगळं निळं. कॉम्प्युटर चुकतोसुद्धा, मावशी, कितीदा तरी चुकतो. आणि साहेब अनुभवी आहेत, ते म्हणतात म्हणजे –

नाही?

बरं. करते बंद. जिन्याला कठडा नाहीये, भिंतीला धरून उतरा.