चढती रेघ

...आणि वर लोक मलाच सांगतात, वडिलांना जरा आवर! अहो, कसं आवरू? तुम्हाला सांगतो, इथे डब्लिनमध्ये, म्हणजे आपल्या ओहायोतल्या डब्लिनमध्ये, एक रेस्टॉरंट उरलं नाही जिथे बाबांनी नॅपकिन फाडून पाण्याच्या ग्लासात टाकला नाही. टाकतात, चमच्याने ढवळतात, एक डोळा मिटून ग्लास दिव्याकडे धरतात, आणि वेट्रेस समोर उभी असताना मला म्हणतात, लगदा चांगला शिजलाय. आता तिला काय सांगू? की बाई, हा माणूस चंद्रपूरकडच्या एका पेपर मिलच्या लगदा खात्यात एकतीस वर्षं होता, बांबू शिजवून लगदा करायचा आणि असाच तपासायचा, सवय जात नाही? जाऊ दे. मी आपला रेघा ओढणारा माणूस.

म्हणजे नोकरीच ती! पॅकेजिंग कंपनीत डेटा ॲनालिस्ट. मागच्या आठवड्यात आमचा मॅनेजर राजेश म्हणाला, यतीन, दोन देशांचा वुड पल्प इम्पोर्ट कम्पेअर करून दे, इटली आणि इंडिया, पंचवीस वर्षांचा. मला सांगा, ह्यात कुणाला रडू यावं असं काय आहे? इटलीची रेघ वरच राहून थोडी हलते, इंडियाची खालून निघते आणि चढत जाते... झालं! डायनिंग टेबलवर लॅपटॉप, शेजारी बाबा चहा घेतायत, त्यांनी विचारलं ही निळी रेघ कसली, मी म्हटलं, आपल्या देशाने बाहेरून आणलेला लगदा. त्यांनी चष्मा लावला आणि बोट ठेवून त्या रेघेवरून हळूहळू वर जायला लागले. स्क्रीनवर डाग पडतात हो, मी म्हणणारच होतो... एका वर्षाशी बोट थांबलं.

"इथे मी सही केली."

घरात कुणालाच माहीत नव्हतं. चौदा वर्षांपूर्वी मिलने परदेशी, वाळवलेल्या लगद्याचा एक गठ्ठा ट्रायलला आणला, बाबांना सांगितलं, गुरुनाथराव, तपासा आणि लिहून द्या. ह्यांनी तपासला, लिहिलं, आपल्यापेक्षा उजवा, आणि खाली सही केली. होताच तो उजवा! सहा महिन्यांत लगदा खातं बंद, दोनशे माणसं घरी, आणि शेजारच्या क्वार्टरमधले अनिलकाका, बाबांच्याच पाळीतले, रोज आमच्याकडे चहाला यायचे, त्यांनी बोलणंच टाकलं. मी तेव्हा इथे एमएस करत होतो. मला वाटलं, असेल मोठ्यांचं काहीतरी. मी काय, तेव्हाही रेघाच ओढत होतो...

मी समजावलं, बाबा, ही अख्ख्या देशाची रेघ आहे, तुमच्या आधीपासून चढतेय, एका सहीने काही होत नाही.

"मग माझी सही कशाला घेतली?"

द्या उत्तर!

मग म्हणाले, ही रेघ अनिलला पाठव. पाठवलं. दोन दिवस हा माणूस फोन घेऊन बसला, अंघोळीला जाताना माझ्या हातात देऊन जायचा, लक्ष ठेव म्हणून. तिसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं. "रेघ समजली. पण गुरुनाथ, आपल्या माणसांसाठी तू खोटं लिहायला हवं होतंस." बाबांनी दोनदा वाचलं, म्हणाले, बरोबर आहे त्याचं. मला इतकं वाईट वाटलं, तुम्हाला सांगतो, माझ्याच्याने तिथे बसवेना.

आणि नेमका तेव्हाच राजेशचा कॉल, तोही स्पीकरवर! यार यतीन, इंडियाची लाइन फारच चढतेय, पल्प महागणार म्हणून क्लायंट घाबरेल, जरा सपाट दिसू दे ना. सपाट म्हणजे काय, तर आकडे तेच ठेवायचे आणि इंडियाच्या रेघेला उभ्या अक्षाचं माप वेगळं लावायचं, की चढ दिसतच नाही. मी वाद घातला? छे हो! अजून नोकरीच्या व्हिसावर आहे मी, आणि मी आपला रेघा ओढणारा माणूस... दोन क्लिक केले. झाली सपाट.

मागे वळून बघतो तर बाबा उभे. म्हटलं, आता ऐकवणार, एका खऱ्या ओळीपायी चौदा वर्षं मित्र गमावलेला माणूस, ऐकवू दे, ऐकायलाच हवं मला. तर त्यांनी नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बरं केलंस," म्हणाले. "तुझी नोकरी टिकेल."