जात्यावरचा पाय

पडेगावच्या बसच्या रांगेत माझ्यापुढं एक म्हातारी आणि कंपनीच्या खाकी कपड्यातला तिचा मुलगा उभा होता. दोघं नुकतीच सिनेमा बघून आलेली.

“वाळूखालचं शहर कसं वाटलं, माय? मिसर देशातलं हाय म्हणं.”

“त्या हिरोला काय वळण नाय. जात्यावर पाय देऊन उभा ऱ्हायला.”

“त्याचं ध्यान सोन्याकडं होतं.”

“कोण्या बाईचं दळायचं जातं आसंल ते.”

“हजारो वर्षं झाली, माय. त्याला काय म्हाईत, कुणाचं?”

“आपलं जातंबी गावातच ऱ्हायलं. नामांतराच्या दंगलीत घर पेटवलं, पर दगड काय जळत नाय. मुंजा, तू पोळ्याला गावात जाऊन आलास. दिसलं का रं?”

“दिसलं.”

“मग का नाय आणलंस?”

“पिठाच्या गिरणीला पायरी केलीय त्याची.”

“लोकं पाय देत्यात?”

“देत्यात. बस आली, माय. चल.”

“त्या हिरोला म्हाईत नव्हतं, बाबा. गावाला तर म्हाईत हाय ना, कुणाचं हाय ते?”