गाणं मधात थांबेल तेव्हा

आजच्या या निरोप समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या पुनर्वसन गावठाणाच्या सरपंच आदरणीय सुलोचनाबाई. ज्यांच्या छडीनं मला मराठी शिकवलं ते माजी मुख्याध्यापक केवळराम सर. ज्यांच्या माइकवरून मी बोलते आहे ते मंडप डेकोरेशनवाले भैयाजी. सतरंजीवर बसलेल्या मावश्या, काकू, मामा, काका. आणि चपला हातात घेऊन दारापाशी उभे असलेले, "किती वेळ चालते तर पाहू" म्हणणारे सर्व रसिकहो.

मी शुभांगी. 'बुडीत' नावाच्या बँडची गाणी मी लिहिते. नंदिनी गाते, कैलाश गिटार वाजवतो, लिलाधर ड्रम. हे तिघं उद्या वर्षभरासाठी पुण्याला रेकॉर्डिंगला चालले आहेत, असं पत्रिकेत छापलंय. खरे किती जातील ते अजून ठरलेलं नाही. त्यावर येतेच मी.

आधी मला या बँडची तुमच्याशी ओळख करून द्यायची आहे. कारण तुमच्यातल्या निम्म्यांनी त्यांना ऐकलेलंच नाही, आणि ज्यांनी ऐकलं त्यांना राग आला आहे. खरं ना? रेवताबाई, हसू नका. तुम्हीच म्हणाल्या होत्या, "काहून रे, तुमचं गाणं मधातच बंद पडते फटफटीसारखं? किक मारा लागते का?"

चार वर्षांपूर्वी हे तिघं भंडाऱ्याच्या कॉलेजात होते, तेव्हाचा यांचा आवाज म्हणजे नुसती आदळआपट. मोबाइलवर जे ऐकलं ते तसंच्या तसं, फक्त जास्त जोरात. गॅदरिंगमध्ये पहिल्या रांगेतल्या मॅडम कानात पदराचे बोळे घालून बसल्या होत्या. त्यांचं मला आजही काही चुकीचं वाटत नाही.

मग कैलाश एक हंगाम झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवायला गेला. तिथून परत आला तो वेगळाच. नाटकात कुणी मेलं की ऑर्गनचा जो लांब सूर लागतो ना, ज्यावर बाया डोळे पुसायला सुरुवात करतात, तो त्यानं गिटारवर काढला. नंदिनीनं आईकडून भाताची रोपं लावतानाची, रोवण्याची गाणी घेतली, पण ती गात होती उलटी, शेवटच्या ओळीपासून पहिलीकडे. तिच्या आईनं विचारलं, "परे उपटून राहिली का रोवून राहिली?" तरी गाणं झालं. त्यात काहीतरी ओळखीचं वाटायचं आणि काय ते सापडायचं नाही.

त्यानंतर हे लोक पाण्यात गेले. म्हणजे खरंच गेले. गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली आपलं जुनं गाव आहे, त्याच्यावर डोंगा वल्हवत नेऊन यांनी प्लॅस्टिकच्या पन्नीत गुंडाळलेला माइक खाली सोडला. तो घुमणारा आवाज त्यांच्या प्रत्येक गाण्याच्या तळाशी आहे. भैयाजी, तो माइक तुमचा होता. "उंदरानं वायर खाल्ली" असं आम्ही सांगितलं होतं. आज भर सभेत कबूल करते. घरी जाऊन बोला काय बोलायचं ते.

आणि मग लिलाधर. याचे वडील मंगरूकाका जुन्या नदीवर मासे धरायचे. एकीकडे जाळं लावायचं, दुसरीकडून डोंग्याची कड काठीनं बडवत यायचं, म्हणजे मासोळी घाबरून जाळ्याकडे पळते. मग एकदम बडवणं बंद. सगळं गप्प. लिलाधर लहानपणी त्या डोंग्यात बसलेला असायचा. धरणाच्या खोल पाण्यात आता तसं कुणी बडवत नाही. तो ठोका लिलाधरनं ड्रमवर आणला, आणि त्याच्याबरोबर ते थांबणंही. गाणं जोरात येतं, येतं, आणि मधात थांबतं. सावकाश सहा श्वास होतील इतकं.

या सहा श्वासांनी आमचा जीव घेतला. अड्याळच्या कार्यक्रमात भैयाजींना वाटलं अँप्लिफायर गेला. ते स्टेजवर धावले आणि त्यांनी सगळ्या वायरी उपटल्या. करडीला मंडईच्या जत्रेत सूत्रसंचालकाला वाटलं गाणं संपलं, त्यानं थेट आभार मानायला घेतले, सरपंचापासून चहावाल्यापर्यंत. दोन्हीकडे उरलेलं गाणं मग पुरं झालं. आणि दोन्ही ठिकाणी, बरोबर थांबण्याच्या त्याच जागी, मागच्या रांगेतून मंगरूकाका उठले आणि निघून गेले.

लिलाधरनं ड्रमवरून ते पाहिलं. घरी आल्यावर बाप बोलला नाही, पोरानं विचारलं नाही. मी मात्र गप्प बसले नाही. मला लिहायची खाज. मी लिलाधरला म्हटलं, "तुझे बाबा गाणं ऐकायला येत नाहीत, उठून जायला येतात." वाक्य मला इतकं आवडलं की मी ते बँडच्या ओळखीत लिहिलं आणि इंटरनेटवर टाकलं. लोकांनी वाहवा केली.

त्या दिवसापासून लिलाधरनं ते गाणं वाजवलं नाही. मागच्या आठवड्यात म्हणाला, "मी नाही येत पुण्याले. ज्याच्या ठोक्यावर वाजवतो त्यालेच नाही आवडत, मंग लोकायले काय आयकवू?"

मी परवा मंगरूकाकांकडे गेले. ते अंगणात जाळं शिवत होते. म्हटलं, "काका, त्याला जाऊ द्या."

"मी कायले अडवू? त्यालेच जाचं नाही."

"तुम्ही गाण्याच्या मधातून उठून जाता म्हणून."

त्यांनी सुतळी दातानं तोडली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं केवळराम सर माझ्या वहीकडे पाहायचे.

"पोरी, तू कधी जाळं ओढलं का?"

"नाही."

"ठोकणं बंद झालं का मासोळी जाळ्यात शिरते. तवा माणूस बसून रायते काय? उठून उभा रायते, ओढाले. मी उठलो. माहे पायच उठले म्हण. मंग सारी पब्लिक माह्याकडे वळून पाहून राहिली. मले लाज वाटली, म्हणून बाहेर निघालो. दोन्ही वेळा गाणं बाहेरून पुरं आयकलं. तो माह्यापेक्षा जरासा जास्तच थांबते. पण बरोबर थांबते."

"मग त्याला सांगितलं का नाही?"

"त्यानं कुठं विचारलं?"

मी म्हटलं, आता तरी सांगा. ते म्हणाले, "माह्याच्यानं नाही होत. लिहिलं तूनं, तूच सांग."

तर सांगते आहे. अध्यक्षांचे आभार, सरांचे आभार, माइकसकट भैयाजींचे आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर माफ करा, असं शेवटी म्हणायचं असतं. माझं जे चुकलं ते या भाषणाच्या फार आधी चुकलं. लिलाधर, ते वाक्य मी आज सकाळी काढून टाकलं. तुझे बाबा उठून गेले नव्हते. जाळं ओढायला उठले होते.

आता ते गाणं होईल. मधात थांबेल. तेव्हा टाळ्या नकोत. भैयाजी, वायरींना हात नको. आणि मागच्या रांगेत कुणी उभं राहिलं, तर हात जोडून विनंती आहे, वळून पाहू नका. त्यांना उभं राहू द्या.

लिलाधर, काड्या घे.